पाठीवरचं बोट

सरोजिनी टीचरांच्या घरी मी तीस वर्षं स्वयंपाक केला. पुढच्या खोलीत त्या पोरांना पियानो शिकवायच्या आणि मागच्या खोलीत मी भाकरी थापायचे. मधलं दार कधी लागायचंच नाही, त्याची बिजागरी गेलेली. त्यामुळं नगरच्या निम्म्या पोरांची चुकलेली गाणी माझ्या कानावरून गेलीत. गाणं बरोबर यायला लागलं की पोरगं पुढच्या गाण्याला जायचं, म्हणून बरोबर वाजलेलं मी कमीच ऐकलं.

पियानो म्हणजे काळं, उभं, कपाटासारखं धूड. मिशनच्या गोऱ्या मडमा त्यांच्या देशाला परत गेल्या तेव्हा हे न्यायचं कसं म्हणून टीचरांना देऊन गेल्या. उन्हाळ्यात लाकूड तडकू नये म्हणून त्याच्या पोटात पाण्याची वाटी ठेवायची असते. ती रोज भरायचं काम माझं. ह्या घरात माणसाच्या आधी कपाटाला पाणी मिळतं, असं मी म्हणायचे. टीचर हसायच्या नाहीत. पियानोच्या बाबतीत हसायचं काम त्यांनी दुसऱ्यांवर सोपवलेलं होतं. वर्षातनं एकदा पुण्याहून एक माणूस सूर लावायला यायचा. दर वर्षी म्हणायचा, "टीचर, ह्याला आता निरोप द्या." टीचर त्याला चहा द्यायच्या आणि त्यालाच निरोप द्यायच्या.

मूळच्या त्या शेवगावकडच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. सातव्या वर्षी त्यांना नगरला बोर्डिंगात आणून टाकलं. तिथं एका मडमेनं त्यांची बोटं बघितली आणि पियानोपुढं बसवलं. पहिल्या नाताळात लोकांपुढं वाजवायची वेळ आली तेव्हा सरोजिनी नावाची ती लहान पोर बसल्या जागी लाकूड झाली. हात उचलेचना. मग मडम तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसली, पोरीच्या पाठीवर खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे एक बोट ठेवलं आणि ताल धरला. टक, टक, टक. त्या तालावर पोरगी वाजवत गेली ती शेवटापर्यंत.

ती गोष्ट त्यांनी मला कितीदा सांगितली असेल! आणि पुढं पन्नास वर्षं त्यांनी स्वतःच्या पोरांना तसंच वाजवायला लावलं. नाताळाच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पोरांचा कार्यक्रम असायचा. एकेक पोरगं जाऊन स्टुलावर बसायचं. शेजारी डाव्या बाजूला टीचरांची लाकडी खुर्ची. डाव्या हातात पदर, उजव्या हाताचं बोट पोराच्या पाठीवर. लोकांना दिसायचं नाही, पोराला कळायचं. टीचरांची पोरं मधे थांबत नाहीत, असं सगळं नगर म्हणायचं. खरंच थांबायची नाहीत. पण टीचरांकडून गेल्यावर पुढं त्यातलं कुणी वाजवलं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नवरा शरच्चंद्र, कोर्टात कारकून. चर्चमध्ये मोठ्या आवाजात गायचे आणि घरात हळू बोलायचे. अकरा वर्षांपूर्वी गेले. मूल झालं नाही. कुणी विचारलं की टीचर म्हणायच्या, "दोनशे झाली, मोजून दमले." करोनाआधी वीस-बावीस पोरं यायची. नंतर नऊ राहिली. लोकांना आता कॅसिओ परवडतो, तो पलंगाखाली सरकतो आणि त्याला वाटीभर पाणीही लागत नाही.

त्या नवात एक माझी नात, सांची. शाळा सुटली की ती भिंगारहून रिक्षानं माझ्याकडं यायची आणि उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. सात वर्षांची असताना एकदा टीचर न्हाणीत होत्या, तेव्हा ही पुढच्या खोलीत जाऊन समोरच्या घरातल्या पोरानं आदल्या दिवशी चुकवलेली ओळ एका बोटानं बरोबर वाजवून आली. टीचर ओल्या केसांनी बाहेर आल्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी सांचीची नखं बघितली.

"बायडा, हिची नखं काप. उद्यापासून इकडं बसेल."

माझा महेंद्र एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, "आई, आपन बौद्ध मानसं. त्यांच्या देवाची गानी आपल्या पोरीनं का म्हनून वाजवायची?"

मी म्हणाले, "बाळ निजवायचं गानं हाय ते. बाळ कुनाचं का असंना, निजलं पायजे."

तो डबा उचलून कामाला गेला. पोरगी घरात चांगली बसते, तिथं चांगली शिकते, हे त्यालाही दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर मला हौस होती. जिथं मी इतकी वर्षं खरकटी काढली त्याच खोलीत माझी नात ताठ बसून वाजवते, ही हौस काही लहान नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर टीचरांच्या हातातली कपबशी वाजायला लागली. आधी मला वाटलं बशी वाकडी आहे. बशी बदलली. तरी वाजायची. हात रिकामा असला, मांडीवर असला की जास्त हलायचा, जणू चिमटीत काहीतरी चोळत असाव्यात.

"टीचर, हाताला काय झालंय?"

"थंडी आहे."

माझ्या थोरल्या दिराला कंपवात होता. त्याचा हात असाच चिमटी चोळायचा, त्यानंतर चार वर्षांनी त्याला घास भरवावा लागत होता. म्हणून मला टीचरांपेक्षा आधी कळलं होतं. पण दुसऱ्या वेळेला मी विचारलं नाही. दुखण्याचं नाव घेतलं की ते पाट टाकून बसतं, अशी आमची समजूत. आणि टीचरांना चिडवून माझ्या नातीचं गाणं घालवायचं नव्हतं, हेही होतं. त्या वर्षी सांचीला पहिल्यांदाच दोन्ही हातांचं, सगळं गाणं मिळालं होतं. गोठ्यातल्या बाळाच्या अंगाईचं. पोरगी भ्यायली की मी तिला म्हणायचे, "टीचरांचं बोट हाय ना पाठीवर? मग तुला कशाची भीती?"

हे मी तिला दिवसातनं तीनदा सांगितलं असेल.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. पुढं चर्चचे पाळकसाहेब, मग आईबाप, मागं आम्ही. मनवा नावाची सावेडीची मुलगी पहिली वाजवून गेली. तिचं गाणं साधं, छोटं, निभावलं. तिसरी सांची. पांढरा फ्रॉक, वेण्यांना लाल रिबिनी. टीचर खुर्चीवर बसल्या, उजवा हात तिच्या पाठीमागं गेला.

पहिल्या दोन ओळी अशा आल्या की मागच्या बाईनं मला कोपर मारून विचारलं, "तुमची का हो?"

मी मान हलवणार तोच गाणं पळायला लागलं. बाळाला निजवायचं गाणं आणि ते आगगाडीसारखं. पोरगी मान वाकडी करून टीचरांकडं बघायला लागली. टीचर समोर बघत होत्या, ओठ घट्ट. गाणं आणखी पळालं. मग डावा हात एकीकडं, उजवा एकीकडं, आणि मग काहीच नाही. सांचीचे हात मांडीवर. पुढून एक लहान पोरगं हसलं. पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. तसल्या टाळ्या कुणाच्या पोरीला मिळू नयेत.

हॉलच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी ती मला धरून म्हणाली, "आज्जी, टीचरनी मला पळवलं. बोट पळत होतं. मी त्याच्या मागं गेले."

ती रडत नव्हती. ती मला ऐकलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती.

मग करंज्या आणि केक वाटायला सुरुवात झाली. मनवाची आई, चांगली बाई, उगीच वाईट म्हणू नये, प्लेट घेऊन टीचरांपाशी आली आणि कळवळ्यानं म्हणाली, "बिचारीच्या घरी पियानो नाही ना हो. सराव तरी कुठून होणार?"

मी टीचरांकडं बघितलं. आता त्या बोलतील. आता म्हणतील की, पोरीचा सराव माझ्यासमोर झालाय, रोज दोन तास.

टीचरांनी उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "लहान आहे अजून."

एवढंच. सांची माझ्याशेजारी उभी होती. तिनं ऐकलं. करंजी तिनं प्लेटीत तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेतून थेट घरी जायला लागली. तिनं नखं वाढवायला घेतली. आठ दिवसांत चांगली वाढली. रोज जेवताना ती ती नखं अशी धरायची की मला दिसावीत. मी बघायचे आणि डाळ वाढायचे.

मी मात्र कामाला जात होते. टीचर आणि मी एका घरात दोन मांजरांसारख्या फिरत होतो. एकीनं भांडं ठेवलं की दुसरी उचलायची. नवीन साल लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातून आमटीची वाटी सुटली. मी फडकं घेऊन खाली बसले आणि खालूनच बोलले. वर बघून मला जमलं नसतं.

"टीचर, तुमचा हात हालतोय."

"माहीत आहे."

"त्या दिवशी पन माहीत होतं?"

आमटी फरशीवरनं पलंगाखाली चालली होती.

"तिच्या पाठीवर बोट ठेवलं तेव्हाच कळलं," टीचर म्हणाल्या. "उचलायला पाहिजे होतं. पण उचललं तर ती थांबेल असं वाटलं. आणि ठेवलं तर... ते माझं ऐकतच नव्हतं, बायडा."

"मग मनवाच्या आईला का न्हाई सांगितलं? पोरीच्या डोक्यावर का टाकलं?"

"सांगितलं असतं तर सोमवारी एकही पोर आलं नसतं."

"आन् आता माझं आलं न्हाई त्याचं काय?"

सत्तावीस वर्षांत मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. बोलल्यावर माझेच हात कापायला लागले. आता दोघींचे हात कापतायत आणि आमटी वाहतेय. दुसरी कुठली वेळ असती तर मी हसले असते. टीचर उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "रिक्षा बघ."

भिंगारला आमच्या गल्लीत त्या पहिल्यांदाच आल्या. सत्तावीस वर्षं मी त्यांच्या घरी आणि त्या माझ्या घरी पहिल्यांदा. शेजारचे म्हातारे उठून "जय भीम" म्हणाले. टीचर त्यांच्या लोकांच्या रिवाजानं "सलाम" म्हणाल्या आणि दोन पायऱ्या चढायला त्यांना माझा खांदा लागला. महेंद्रनं खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, कॉटवर सांचीच्या शेजारी बसल्या. तिची नखं बघितली. मग स्वतःचा उजवा हात दोघींच्या मधे गादीवर ठेवला आणि त्याला हलू दिलं.

"हे बघ. हे तुझ्या पाठीवर होतं. तू बरोबर होतीस, हे चूक होतं."

सांची त्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला इथं का सांगता?"

"म्हणजे?"

"मी सगळ्यांसमोर थांबले. तुम्ही सगळ्यांसमोर सांगा."

महेंद्र म्हणाला, "ए, मोठ्यांशी असं बोलत्यात का?" मी त्याच्या दंडाला चिमटा घेतला.

टीचरांनी डोळे मिटले. मला वाटलं चक्कर आली. पण त्या हिशेबी बाई. डोळे उघडून म्हणाल्या, "पुढच्या नाताळात. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांपुढं. चालेल?"

"मग मी तेव्हाच येईन."

"तोपर्यंत तुझ्या बोटांना गंज चढेल. मी सांगायचं आणि तू परत थांबायचं, हे मला परवडणार नाही. उद्या चार वाजता."

दुसऱ्या दिवशी चार वाजता सांची आली. नखं कापलेली होती. कुणी कापली ते मी विचारलं नाही.

डॉक्टरनं कंपवातच सांगितला. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की दोन तास हात जरा दमाला यायचा, म्हणून टीचर तीन वाजता गोळी घ्यायच्या आणि चारला क्लास. पण बोट त्यांनी पोरांच्या पाठीवर परत ठेवलं नाही. पलंगावर बसायच्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारख्या. आणि पोरांना म्हणायच्या, "वाजव."

पोरं वाजवेनात! हे कुणाला खरं वाटणार नाही, पण नऊच्या नऊ पोरं स्टुलावर बसायची आणि थांबायची. "टीचर, बोट." "बोट नाही." "मग मी सुरू कधी करू?" टीचर माझ्याकडं बघायच्या. त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मला बघवायचं नाही. पन्नास वर्षं बाई समजत होती आपण पोरांना धीर देतो. आणि धीर पोरांपर्यंत कधी गेलाच नव्हता, बोटातच राहिला होता. एका दुपारी त्यांनी जुन्या पोरांना फोन लावले. कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी इथंच नगरला बँकेत. सगळ्यांना एकच विचारलं: "वाजवतोस का रे?" सगळे हसून नाही म्हणाले. एक जण म्हणाला, "टीचर, तुमच्याशिवाय जमलंच नाही कधी." त्यानं ते प्रेमानं सांगितलं. टीचर त्या रात्री जेवल्या नाहीत.

मग त्यांनी पन्नास वर्षांचं सगळं मोडलं आणि नव्यानं सुरू केलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आधी नुसतं चालणं. दारातून आत यायचं, लोकांकडं बघायचं, मान झुकवायची, स्टूल आपल्या मापाचं करायचं. स्टूल हलवायला पोरं लाजतात आणि मग सगळं गाणं लांब हात करून वाजवतात. मग हात मांडीवर, एक मोठा श्वास, आणि श्वास सोडताना पहिला सूर. "ताल बाहेरून येणार नाही," असं त्या म्हणायच्या. "पहिली ओळ मनात म्हण. मनातली जितकी हळू, तितकीच बोटातली हळू."

सांची पहिल्या दिवशी वीस मिनिटं स्टुलावर बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मला आत जाऊन त्या पोरीच्या पाठीवर मीच बोट ठेवावंसं वाटलं. टीचर हात दाबून बसल्या होत्या आणि त्यांचं डोकं हलायला लागलं होतं. शेवटी पोरीनं वाजवलं. एक ओळ. मग उठून बाहेर जाऊन उलटी केली. दुसऱ्या दिवशी दोन ओळी.

चुकलं तर काय करायचं, त्याचीही शिकवण होती. तिच्यात माझी नेमणूक झाली. गाणं मध्यावर आलं की मी स्वयंपाकघरात ताट पाडायचं. कधी खोकायचं. कधी मोबाईल वाजवायचा. पोरानं थांबायचं नाही. "चूक मागे पडली," टीचर म्हणायच्या, "तिला उचलायला परत जायचं नाही. आणि तोंड वाकडं करायचं नाही. लोकांच्या कानाला कळत नाही, तुमच्या तोंडावरून कळतं." माझ्या तीन ताटांना पोचे आले त्यापायी. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "स्टीलची तर आहेत." पोचे त्यांनाच काढायचे असते तर कळलं असतं.

पण पोरं गळायला लागली. एकाची आई म्हणाली, ट्यूशन आहे. एकाचा बाप म्हणाला, नुसतं चालायला शिकवायला पाठवत नाही. पावसाळा संपेस्तोवर चार राहिली.

ऑक्टोबरात मनवाची आई आली. दारातच विचारलं, "टीचर, तुमच्या हाताचं काही ऐकलं. काही मोठं आहे का?"

मी मागं पिठाच्या डब्यापाशी होते. सांची पियानोपुढं. टीचर म्हणाल्या, "छे. थंडी सोसत नाही आता."

ऑक्टोबरात. नगरमध्ये. बाहेर ऊन असं की कावळे सावली धरून बसलेले.

रिक्षात सांची म्हणाली, "आज्जी, टीचर सांगणार नाहीत."

मी म्हणाले, "बगू." मलाही तसंच वाटत होतं.

त्या डिसेंबरात टीचरांचा आवाजही बसला. ह्या दुखण्यात बसतो म्हणे. बोलल्या तर शेजारी बसलेल्याला कळायचं, दारातल्याला नाही. पाळकसाहेब घरी आले आणि चांगुलपणानं म्हणाले, "ह्या वर्षी तुम्ही नुसत्या पुढं बसा. मुलांची नावं मी पुकारतो." सुटकेचा रस्ता त्यांनी आयता आणून दिला. टीचर "बरं" म्हणाल्या. मी चहा देताना मुद्दाम कप आपटला.

रविवार आला. तोच हॉल, तीच माणसं, थोडी कमी. टीचर पहिल्या रांगेत. मी ह्या वेळी मागं बसले नाही, मधल्या वाटेला लागून बसले, त्यांना उठवायला लागलं तर म्हणून. दोन पोरं वाजवून गेली. मग पाळकसाहेबांनी सांचीचं नाव पुकारलं. ती चालत गेली, मान झुकवली, स्टूल मापाचं केलं. शेजारी खुर्ची नव्हती. हॉलमध्ये कुजबुज झाली. गेल्या वर्षीची आठवण लोकांना बरी राहते.

टीचर उठल्या. पाळकसाहेबांना वाटलं त्यांना पाणी पाहिजे. त्यांनी पाळकसाहेबांच्या हातातला माईक घेतला, उजव्या हातानं. डाव्या हातानं घेतला असता तरी चाललं असतं, पण त्यांनी उजव्यानंच घेतला. माईक त्यांच्या अंगठीवर आपटायला लागला आणि स्पीकरमधून साऱ्या हॉलभर आवाज सुरू झाला. टक टक टक टक. कुणाला सांगायचं काही राहिलंच नाही. तरी त्यांनी सांगितलं.

"मागच्या वर्षी सांची इथं थांबली. माझं बोट तिच्या पाठीवर होतं. ते असं हलत होतं."

टक टक टक टक.

"मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणाले, लहान आहे अजून. ते मी खोटं बोलले. एका लेकराच्या डोक्यावर माझं दुखणं ठेवलं. मला क्षमा कर, असं मी तिला म्हणते. तुम्हाला नाही."

पाळकसाहेबांनी माईक घ्यायला हात पुढं केला. टीचर म्हणाल्या, "थांबा. आज मी मागं बसणार आहे. पोरं चुकली तर त्यांचं ते. बरोबर आलं तर तेही त्यांचंच."

माईक दिला आणि त्या मधल्या वाटेनं मागं निघाल्या. ह्या दुखण्यात पाय उचलत नाहीत, घासत जातात. एवढी वाट, पण संपेना. सगळे मान वळवून त्यांच्याकडं बघत होते. त्या माझ्यापाशी पोचल्या न पोचल्या तोच पुढून पहिला सूर आला.

सांची थांबली नाही. टीचर बसेपर्यंत तिनं वाट बघितली नाही. टीचर जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या, बाकाची पाठ धरून, पियानोकडं पाठ करून. मी त्यांच्या कोपराखाली हात घातला. त्यांनी झटकला.

गाणं हळू होतं. बाळ निजेल इतकं हळू. दुसऱ्या ओळीत डाव्या हाताला एक बोट चुकीचं पडलं. मला कळलं, टीचरांना कळलं. आणि मी पोरीचं तोंड बघत होते, तिथं काही कळलं नाही. ती पुढं गेली. शेवटच्या सुरावर हात मांडीवर घेतले, उठली, मान झुकवली.

टाळ्या झाल्या. ह्या वेळच्या खऱ्या होत्या, पण लोकांचे डोळे टीचरांवर होते. टीचर माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत घाई केली," आणि मग बाकावर बसल्या.

करंज्या वाटताना सगळे टीचरांपाशी आले. कुणी पाया पडलं, कुणी डोळे पुसले. मनवाच्या आईनं सांचीच्या गालाला हात लावला आणि टीचरांना म्हणाली, "टीचर, तुम्ही आता छान आराम करा हं." मायेनं म्हणाली. टीचर मायेनं हसल्या. त्या दोघींना कळलं होतं तेच मलाही कळलं.

जानेवारीत चार वाजता टीचर केस विंचरून, गोळी घेऊन बसल्या. मनवा आली नाही. बाकीची दोन आली नाहीत. मनवा सावेडीला कॅसिओ शिकते, चांगलं वाजवते म्हणतात. टीचर पंधरा दिवस रोज चारला बसत होत्या, मग बुधवारीच बसायला लागल्या, कारण बुधवारी सांची येते.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मी घास भरवते. टीचर खाताना माझ्याकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघतात, आणि मीही भिंतीकडंच बघून चमचा नेते, कधी नाकाला लागतो. पुण्याचा माणूस येत नाही. पियानोचे दोन सूर गेलेत. सांचीला आठवीचा अभ्यास आहे, ती सगळ्या बुधवारी येते असं नाही. महेंद्र म्हणतो, जाऊ दे ना, किती दिवस. ती नखं कापत बसते.

मागच्या बुधवारी आली. नवीन गाणं होतं, अवघड. वाजवून झालं. टीचर काहीतरी बोलल्या, आम्हाला कळलं नाही. सांची उठून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकली, बराच वेळ वाकून होती. मग स्टुलावर परत येऊन बसली.

मी विचारलं, "काय म्हनल्या?"

"सगळंच चूक म्हणाल्या," सांची म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाली.